हिंक्सच्या बारा चित्रांमागून अल्स्टर

१७८३ साली लंडनमध्ये बारा कोरीव चित्रांचा एक संच प्रसिद्ध झाला. जवसाच्या पेरणीपासून लिननचे, म्हणजे जवसाच्या खोडातल्या धाग्याच्या कापडाचे, गठ्ठे परदेशी रवाना होईपर्यंतचं सगळं काम त्यात क्रमाने आहे. चित्रकार विल्यम हिंक्स, दक्षिण आयर्लंडमधल्या वॉटरफर्डचा. आधी लोहाराकडे उमेदवारी केलेला, चित्रकला आपली आपण शिकलेला. तांब्याच्या पत्र्यावर बारीक ठिपके टोचत त्याने छाया-प्रकाश उभे केले. प्रत्येक चित्राखाली लांबलचक मजकूर आहे: त्यात कोणकोणती कामं चालली आहेत, देखावा कुठला आहे, चित्र कुणाला अर्पण केलं आहे. १७९१ मध्ये संच पुन्हा छापला गेला. आयरिश लिननबद्दल काहीही वाचायला घ्या, यातलं एखादं चित्र भेटतंच.

माझं माहेर इचलकरंजीचं. कांड्या, भीम, खळ हे विणकामातले शब्द ऐकतच मी मोठी झाले, त्यामुळे या चित्रांवरून मी पानं उलटून पुढे जाऊ शकले नाही. त्यातले हात बरोबर आहेत. सूत धरलेली बोटं, मागावर वाकलेली पाठ, सगळं पाहून काढलेलं. पण बाकी सगळं फार नीटनेटकं आहे. घाम नाही, चिखल नाही, कुणी दमलेलं नाही. चित्रांवर विश्वास कुठवर ठेवायचा, ते त्या जागी जाऊनच कळलं असतं. भाचा बेलफास्टला, म्हणजे आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतात, नोकरीला आहे, तेव्हा ऑगस्टमध्ये त्याच्याकडे गेले. बाराही चित्रं मोठ्या आकारात छापून सोबत घेतली होती.

मंगळवार, बेलफास्ट

शहराच्या मध्यभागी सिटी हॉलची पांढरी, घुमटाची इमारत आहे. १९०६ साली ती पुरी झाली. त्याआधी याच जागेवर व्हाइट लिनन हॉल होता, म्हणजे धुऊन पांढऱ्या केलेल्या लिननची घाऊक बाजारपेठ. सिटी हॉलच्या मागे आजही लिननहॉल स्ट्रीट आहे. समोर लिनन हॉल लायब्ररी. संस्था १७८८ पासूनची, पण आताची इमारत मुळात लिननची वखार होती. दारावर दगडात कोरलेलं लिननचं वस्त्र आहे, आत शिरताना मान वर करून बघा.

दुपारी फॉल्स रोडजवळची कॉनवे मिल पाहिली. विटांची उंच गिरणी, आता तिच्यात कलाकारांचे स्टुडिओ आणि छोटे उद्योग आहेत. हिंक्सच्या चित्रांत ही गिरणी असणं शक्यच नाही. जवसाचं बारीक सूत यंत्रावर काढायची खरी युक्ती १८२५ मध्ये सापडली, जेम्स केच्या ओल्या कताईत. धागे गरम पाण्यातून नेले की त्यांतला डिंक सैल होतो आणि ते बारीक ओढता येतात. त्यानंतर बेलफास्ट झपाट्याने वाढलं, इतकं की लोक त्याला लिननोपोलिस म्हणू लागले. ते गरम पाणी कताईखात्यात सगळीकडे उडायचं. बायका आणि मुली वाफेत, ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या राहून दिवस काढायच्या. शाळकरी मुलं ‘हाफ टायमर’ म्हणून अर्धा वेळ शाळेत, अर्धा वेळ गिरणीत. आधीच्या खात्यांत, जिथे जवस कोरडाच विंचरला जाई, तिथे धुळीने छाती भरायची. कॅम्ब्राय स्ट्रीटच्या कोपऱ्यावर अशा एका गिरणी कामगार मुलीचा पुतळा आहे. भाच्याने गाडी थांबवली तेव्हा पाऊस होता, तरी उतरले. माझ्या गावातल्या बायकांसाठी असा एखादा पुतळा मी पाहिलेला नाही.

बुधवार, स्कार्व्हा आणि हिल्सबरो

आता चित्रं. पहिल्या चित्राखाली लिहिलंय, हा देखावा काउंटी डाउनमधल्या स्कार्व्हाजवळचा. नांगरणी, जवसाची पेरणी आणि कुळवणी. स्कार्व्हा अगदी लहान गाव आहे. बेलफास्ट ते न्यूरी रेल्वेमार्गावर छोटंसं स्टेशन, मोजक्याच गाड्या थांबतात. गावाला लागून न्यूरी कालवा जातो. १७४२ मध्ये तो सुरू झाला. आता त्यात बोटी नाहीत, काठाने चालायची आणि सायकलची वाट आहे.

मी काठावर बसून चित्र आणि समोरचा उतार ताडून पाहत होते. हिंक्स नेमका कुठे उभा होता ते सांगता येत नाही, पण डाउनच्या त्या छोट्या गोल टेकड्या, कुंपणांनी कापलेली शेतं, तेच आहे. फक्त जवस नाही. सगळं गवत, त्यावर गाई-मेंढ्या. धाग्यासाठीचा जवस आता जगात मुख्यतः फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर आणि त्याला लागून बेल्जियम, नेदरलँड्समध्ये होतो. अल्स्टरमध्ये मोजके हौशी शेतकरी तो पुन्हा लावू लागलेत.

भाचा म्हणाला, “मावशी, जवस म्हणजे आपल्या चटणीतलाच ना?” तोच. विदर्भात रब्बीला निळ्या फुलांनी डवरतो तोच, वनस्पतिशास्त्राच्या हिशोबाने एकच जात. आपण तेलासाठी लावतो ते वाण बुटके, फांद्या फुटणारे, कारण फांद्या जास्त तर बोंडं जास्त. धाग्यासाठीचे वाण उंच आणि सरळ. पेरणी मुद्दाम दाट करतात, म्हणजे रोपं उजेडासाठी वर जातात, फांद्या फुटत नाहीत आणि वाख, म्हणजे खोडातला धागा, लांब मिळतो. साधारण शंभर दिवसांचं पीक.

यात एक अडचण असते. उत्तम, मऊ वाख हवा तर रोप बी पूर्ण पिकायच्या आत काढावं लागतं. मग पुढच्या वर्षीच्या पेरणीला बी कुठून आणायचं? अल्स्टरने ते समुद्रापलीकडून आणलं. १८व्या शतकात फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्कहून जवसाच्या बियांची पिंपं भरलेली जहाजं न्यूरी, बेलफास्ट, डेरीच्या बंदरांत येत, आणि परत जाताना त्याच जहाजांतून इथली माणसं अमेरिकेला स्थलांतर करत. पहिल्या चित्रातला पेरणारा शेतकरी ज्या झोळीत हात घालतो आहे, त्यातलं बी अटलांटिक ओलांडून आलेलं असण्याची दाट शक्यता आहे. चित्रात त्याची काही खूण नाही. मला मात्र आता ते चित्र पाहिलं की आधी न्यूरीचं बंदर आठवतं.

दुसरं चित्र हिल्सबरोजवळचं. एकाच देखाव्यात चार कामं: जवस उपटणं, पेंढ्या उभ्या करून वाळवणं, लोखंडी दातांच्या फणीतून ओढून बोंडं काढणं आणि शेवटी पाण्यात पुरणं. जवस कापत नाहीत, मुळासकट उपटतात. वाख खोडाच्या बुंध्यापर्यंत जातो आणि विळा लावला तर तेवढी लांबी वाया जाते. मूठभर रोपं धरायची, ओढायची, माती झटकायची, पुन्हा वाकायचं. हिंक्सची माणसं हे काम करताना फार सुखी दिसतात. कंबर धरून सरळ होणारं त्यात कुणीही नाही, आणि शेतात एक तास राबलेल्या माणसाला हे खटकेल.

हिल्सबरो गाव सुरेख आहे, राजवाड्यासारखी कोठी, बागा, चहाची दुकानं. या चित्रांच्या काळात गावाचा मालक अर्ल ऑफ हिल्सबरो, मोठा जमीनदार. अशाच लोकांना ही चित्रं अर्पण केलेली आहेत. १७११ पासून आयर्लंडच्या लिननचा कारभार बघायला सरकारी लिनन बोर्ड होतं आणि त्याचे विश्वस्त म्हणजे हेच उमराव. ज्यांच्या पैशावर आणि कौतुकावर विक्री अवलंबून, त्यांच्या जमिनीवर कुणी कण्हताना दाखवणं हिंक्सला परवडलं नसतं.

गुरुवार, कल्ट्रा

बेलफास्टहून बँगोरच्या लोकलने कल्ट्राला उतरायचं. स्टेशनाजवळच अल्स्टर फोक म्युझियम आहे. जुनी घरं, गिरण्या, चर्च जागेवरून दगड-दगड सोडवून इथे आणून पुन्हा बांधलेली आहेत. पूर्ण दिवस द्या, आम्हाला तोही कमी पडला.

तिसऱ्या चित्रात जवस पाण्याबाहेर काढतात, पसरून वाळवतात, शेकोटीच्या उबेवर कोरडा करतात आणि कुटतात. त्याआधीचे आठ-दहा दिवस तो खड्ड्यात, वर दगड ठेवून, साचलेल्या पाण्यात बुडालेला असतो. पाण्यातले जिवाणू खोड आणि वाख यांना धरून ठेवणारा डिंक खातात. कमी दिवस ठेवला तर वाख सुटत नाही, जास्त ठेवला तर कुजून हाती चोथा येतो. नेमका दिवस ओळखणारा माणूस गावात मानाचा. आपल्याकडे अंबाडी किंवा ताग कुजवताना जो वास सुटतो तो ज्यांना माहीत आहे, त्यांना या खड्ड्यांची कल्पना द्यायला नको. अल्स्टरमध्ये सगळा ऑगस्ट-सप्टेंबर त्या वासाचा असे. खड्ड्यातलं पाणी ओढ्यात सोडलं की मासे मरत. माणसं कमरेपर्यंत त्यात उतरून जड, बुळबुळीत पेंढ्या बाहेर देत. मजकुरात हिंक्सने हे काम प्रामाणिकपणे नोंदवलंय. चित्रात मात्र पाणी फक्त पाणी आहे.

चौथ्या चित्रात हाताने झोडणं आणि विंचरणं. कुटून मोडलेल्या खोडाची भुसकटं वाखातून काढायला उभ्या फळीवर वाख लोंबता धरून लाकडी पात्याने झोडतात. मग खिळ्यांच्या फणीतून विंचरतात. लांब वाख हातात उरतो, आखूड गुंता फणीत अडकतो. गुंताही फेकत नाहीत, त्याचं जाडंभरडं सूत होतं. पाचव्या चित्रात हेच काम पाणचक्कीवर. कल्ट्राला टायरोनमधल्या गॉर्टिकॅशेलची अशी गिरणी उभी आहे. ती हिंक्सच्या नंतरची, पण तत्त्व तेच: खाचांच्या रुळांतून खोड मोडायचं आणि फिरत्या आसावर बसवलेल्या पात्यांसमोर वाख धरायचा. पात्यांजवळ उभं राहिलं की धरणाऱ्याचा हात कुठे असेल ते लगेच कळतं. या गिरण्यांत बोटं, हात गेलेली माणसं गावोगाव होती, आणि कोरड्या धुळीमुळे आगीची भीती कायम. लोहाराकडे शिकलेल्या हिंक्सने चाकं, दाते, आस इतके नेमके काढलेत की त्यावरून सुताराने गिरणी बांधावी. धोका त्याला कळला नसेल असं मला वाटत नाही.

विणकराच्या घरात मी सगळ्यात जास्त रेंगाळले. लहानशी खोली, मागाने जवळजवळ भरलेली. जवसाचं सूत कोरडं पडलं की तुटतं, म्हणून विणकराची जागा ओलसरच हवी. ताण्याला पिठाची खळ ब्रशने लावायची, थोडं वाळू द्यायचं, तेवढं विणायचं, पुन्हा खळ. हा क्रम बघताना मला आजोबांचा हातमाग आठवला, जो मी फक्त घरच्यांच्या बोलण्यात पाहिला आहे. सहावं आणि सातवं चित्र इथे शेजारी शेजारी ठेवले. सहाव्यात बायका: चरख्यावर कताई, चक्रावर सूत मोजणं, चुलीवर मोठ्या भांड्यात सूत उकळणं. मोजायच्या चक्राची गंमत अशी की ठरावीक फेरे झाले की ते टक्क वाजतं. अडीच यार्डाचे १२० फेरे म्हणजे एक ‘कट’, असे १२ कट म्हणजे एक लड, ३६०० यार्ड. सातव्यात कांड्या भरणं, ताणा काढणं आणि विणकाम. एका मागाला पुरेल एवढं सूत काढायला अनेक बायकांचे हात लागत, आणि त्या हातांचं काम दिवसभरच्या इतर कामांच्या वर.

शुक्रवार, लिझबर्न आणि बॅनब्रिज

लिझबर्नला बाजार चौकातल्या १७व्या शतकाच्या मार्केट हाउसमध्ये आयरिश लिनन सेंटर आणि लिझबर्न म्युझियम आहे. इथे हातमाग नुसते मांडलेले नाहीत, ते चालवणारे विणकरही आहेत. पायाखालच्या दांड्या, धोट्याचा आवाज, मध्येच थांबून तुटलेला धागा जोडणं. मी विचारलं, गाठ कशी मारता? विणकर बाईंनी माग थांबवून सावकाश दाखवली. आमच्याकडच्या गाठीपेक्षा शेवटचा वेढा वेगळा आहे, दोन बोटांत धागा उलटा जातो.

या गावाशी लुई क्रोमेलिन या फ्रेंच ह्यूगनॉट (प्रॉटेस्टंट) व्यापाऱ्याचं नाव जोडलेलं आहे. १६९८ मध्ये राजाच्या आश्रयाने तो इथे कारागीर घेऊन आला. त्याची कबर कॅथेड्रलच्या आवारात आहे. आयर्लंडमध्ये लिनन त्यानेच आणलं असं पूर्वी सर्रास लिहीत. ते खरं नाही. इथल्या घरांतून त्याआधीपासून जवस कातला आणि विणला जात होता, उत्तर इंग्लंडमधून आलेले वसाहतकरीही विणत होते. एका नावावर इतिहास लिहिला की चुलीपाशी सूत उकळणाऱ्या सगळ्या बायका पुसल्या जातात.

दुपारी बॅनब्रिज. मुख्य रस्ता चढाचा, आणि मधोमध १८३४ साली खोदून खाली नेलेला, टपालाच्या घोडागाड्यांना तो चढ झेपत नसे म्हणून. आठवं चित्र इथल्या बाजाराचं आहे आणि बारांतलं मला सगळ्यात खरं वाटतं तेही हेच. विणकरांनी आपापले न धुतलेले, तपकिरी कापडाचे ताके उंच धरले आहेत. ब्लीच करणारे व्यापारी बाकांवर उभे, वरून खाली वाकून पोत तपासतात. विकणारा खाली, घेणारा वर. इचलकरंजीत कापड दाखवताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत उभं राहणं काय असतं ते मी घरी पाहिलं आहे. इथे हिंक्सने काही गोड केलेलं नाही, कारण ज्यांना तो चित्रं विकणार होता त्यांना यात लपवण्यासारखं काही दिसलं नसावं. पैसा हातात येतो त्या चित्रात पुढे आहेत ते पुरुष, हेही नोंदवून ठेवते. गावात १८५४ पासूनची टॉमस फर्ग्युसन ही कंपनी अजून लिनन डमास्क, म्हणजे विणीतच नक्षी असलेलं कापड, विणते.

शनिवार, वेलब्रुक

कुक्सटाउनजवळ, बॅलिंडेरी नदीच्या काठी झाडीत लपलेली वेलब्रुक बीटलिंग मिल, म्हणजे लिनन ठोकून चकाकी आणायची गिरणी. १८व्या शतकापासून १९६१ पर्यंत चाललेली, आता नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे. या सगळ्या प्रवासात एकच जागा निवडायची झाली तर ही.

नवव्या चित्रात ब्लीच गिरणीची सगळी यंत्रं आहेत: धुण्याची, साबण लावून दातेरी फळ्यांमध्ये कापड घासायची, आणि बीटलिंगचं इंजिन. ओळीने उभे लाकडी ठोकळे, खाली रुळावर गुंडाळलेलं कापड. पाणचक्कीने आस फिरतो, ठोकळे एकामागून एक उचलले जातात आणि स्वतःच्या वजनाने कापडावर पडतात. तासन् तास, दिवसेंदिवस. धागे चपटे होतात, विणीतली भोकं बुजतात आणि लिननला ती ओळखीची गार चकाकी येते. चित्रात हे यंत्र एखाद्या कपाटासारखं शांत उभं आहे. मार्गदर्शक बाईंनी पाणी सोडलं, चाक फिरलं, आणि पहिला ठोकळा पडला तेव्हा माझ्या पायांखालची फळी हादरली. सगळे चालू झाले तेव्हा शेजारी उभा असलेला भाचा काहीतरी ओरडत होता ते मला फक्त ओठांवरून दिसलं. इथे काम करणाऱ्यांची श्रवणशक्ती जायची. मी पॉवरलूमच्या गावची, आवाज मला नवा नाही, तरी दोन मिनिटांत बाहेर आले.

त्यानंतर बाईंनी मला जवस झोडायला दिला. पात्याचा फटका वाखावर सरळ पडला तर वाख तुटतो, तिरका घसरता पडला तर भुसकट निघतं. मनगटाचं काम आहे. चौथ्या चित्रातल्या माणसाचं मनगट तसंच वळलेलं आहे.

दहावं चित्र ब्लीच ग्रीनचं. हिरव्या गवतावर पांढऱ्या कापडाच्या लांबच लांब पट्ट्या. राखेच्या क्षारात उकळायचं, गवतावर पसरून ऊन-पाऊस खाऊ द्यायचा, आंबवणात बुडवायचं, पुन्हा धुवायचं, पुन्हा पसरायचं. आधी आंबवणाला ताक वापरत आणि कापडाच्या एका ताक्याला महिनोन् महिने लागत. १८व्या शतकाच्या मध्यानंतर ताकाच्या जागी पातळ गंधकाम्ल आलं. १७८५ मध्ये बर्थोले या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने क्लोरीनचा उपयोग दाखवला आणि पुढे हा काळ फार आखूड झाला. म्हणजे हिंक्सने हिरवळ काढली ती बरोबर बदलाच्या तोंडावर. एवढं मोलाचं कापड रात्रभर उघड्यावर, म्हणून राखणदार असत. त्यांचा एक दगडी मनोरा टलीलिशहून आणून कल्ट्राला उभा केलाय, गुरुवारी पाहिला होता. ब्लीच ग्रीनवरून कापड चोरल्यास फाशीची शिक्षा होती. १८११ मध्ये ती रद्द झाली, तीही ब्लीच करणाऱ्या मालकांनीच मागणी केल्यावर, कारण फाशीच्या धास्तीने ज्युरी चोराला दोषी ठरवायला धजत नसत. दहाव्या चित्रातल्या त्या सुंदर पांढऱ्या पट्ट्यांवर हेही लिहिलेलं आहे असं समजून मी ते चित्र बघते.

अकरावं चित्र, कापड मोजून, घड्या घालून, दाबून, शिक्का मारायची खोली. त्यासाठी वेगळी जागा शोधली नाही.

रविवार, डब्लिन

सकाळची रेल्वे, सुमारे दोन तास. सरहद्द कुठे ओलांडली ते कळलंही नाही.

बारावं चित्र डब्लिनच्या लिनन हॉलचं: आवारात निर्यातीला तयार पेट्या आणि गासड्या. १७२८ पासून उत्तरेतलं पांढरं लिनन इथे यायचं, इथून इंग्लंडला आणि तिथून पुढे अमेरिका, वेस्ट इंडीजला जायचं. हिंक्सने संचाचा शेवट इथे केला, कारण हा बोर्डाच्या सत्तेचा मानबिंदू. पण ज्या १७८३ मध्ये चित्रं छापली, त्याच वर्षी उत्तरेतले व्यापारी बोर्डाच्या नियमांना वैतागून न्यूरी आणि बेलफास्टला स्वतःचे लिनन हॉल उभारायला लागले होते. मंगळवारी पाहिलेली सिटी हॉलची जागा ती हीच. व्यापार हळूहळू उत्तरेकडे सरकला, १८२८ मध्ये बोर्डच बरखास्त झालं. डब्लिनच्या हॉलची पुढे लष्करी बराक झाली आणि १९१६ च्या ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या ईस्टर उठावात बंडखोरांनी ती पेटवली. काही दिवस ती जळत होती.

बोल्टन स्ट्रीटजवळच्या गल्ल्यांमध्ये आम्ही तासभर फिरलो. लिननहॉल स्ट्रीट, यार्नहॉल स्ट्रीट, लिझबर्न स्ट्रीट, लर्गन स्ट्रीट, कोलरेन स्ट्रीट. कापड ज्या गावांहून यायचं त्यांची नावं भिंतींवर आहेत. एका आजोबांना विचारलं तर म्हणाले, हॉल कुठे होता ते दाखवतो, आणि कोपऱ्यापर्यंत सोबत चालत आले.

जाणार असाल तर काही गोष्टी. भारतीय पासपोर्टवर उत्तर आयर्लंडसाठी ब्रिटनचा व्हिसा लागतो आणि डब्लिनसाठी आयर्लंडचा. ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजनेचा शेरा मिळाला तर एकाच व्हिसावर दोन्हीकडे जाता येतं, अर्जाच्या वेळीच चौकशी करा. वेलब्रुक रोज उघडी नसते, आधी तारखा बघून मगच बाकीचा कार्यक्रम आखा. कल्ट्राचं म्युझियम सोमवारी बंद असतं. स्कार्व्हाला परतीची गाडी कधी आहे ते उतरण्याआधी पाहून ठेवा. आणि बाराही चित्रं खालच्या मजकुरासकट छापून न्या, कारण मोबाइलच्या पडद्यावर त्यातली बोटं दिसत नाहीत.